शनिवारवाड्यासमोर काचेचं कोर्ट: पुण्यात स्क्वॉशची मोठी स्पर्धा व्हावी का?

भिंतीशी_बोलणारा

डिसेंबर २०२५ मध्ये कामानिमित्त चेन्नईत होतो. एक्स्प्रेस अव्हेन्यू मॉलमध्ये काचेचं कोर्ट उभं केलेलं आणि त्यात स्क्वॉश (दोघांनी आळीपाळीने भिंतीवर चेंडू मारायचा खेळ) वर्ल्ड कपची फायनल. जोश्ना चिनप्पा, अभय सिंग आणि सतरा वर्षांची अनाहत सिंग. हाँगकाँगला ३-० धुऊन भारताने पहिल्यांदा हा कप घेतला.

पण सांगायचंय ते वेगळंच. माझ्या शेजारी एक काका उभे होते, दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या. पहिल्या गेमला मला विचारत होते, "दोघं एकाच बाजूला उभे राहून कसे काय खेळतात?" तिसऱ्या गेमला हेच काका पिशव्या खाली ठेवून "स्ट्रोक! स्ट्रोक!" (समोरचा वाटेत आला, पॉइंट द्या!) ओरडत होते. अर्ध्या तासात माणूस बाटला.

न्यूयॉर्कवाले ग्रँड सेंट्रल स्टेशनात कोर्ट लावतात. इजिप्तने १९९६ साली गिझाच्या पिरॅमिडांसमोर लावलं. आपल्याकडे शनिवारवाडा आहे! २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये येतोय, आणि तो निर्णयही मुंबईतच झाला, ऑलिंपिक समितीच्या ऑक्टोबर २०२३ च्या अधिवेशनात.

हा खेळ पडला बंद खोलीतला. क्लबातल्या कोर्टामागच्या गॅलरीत दहा माणसं उभी राहिली की अकराव्याला फक्त आवाज ऐकू येतो. जे दिसतच नाही ते आवडणार कुणाला? म्हणून म्हणतो, पुण्यात एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा हवी. मतं येऊ द्या.

सदाशिवी

शनिवारवाड्यात खिळा ठोकायचा तरी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागतं, तुम्ही काचेची खोली बांधताय. आणि पार्किंगचं काय?

अनूची आई

कडाडून विरोध. थोडं मोठं लिहिते, माफ करा.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, दोन वर्षं खेळतेय. आम्ही जातो त्या क्लबात (नाव घेत नाही, मुलीला अजून तिथेच खेळायचंय) बिगरसभासदांना कोर्ट मिळतं दुपारी दोन ते चार. म्हणजे शाळेच्या वेळेत. संध्याकाळी सभासद येतात. येतात म्हणजे कधी येतात, कधी येत नाहीत. कोर्ट मात्र राखीव. कित्येकदा मी स्वतः बघितलंय, आत दिवा चालू, पंखा चालू आणि कोर्ट रिकामं.

तिथल्या मार्करचा (क्लबात कोर्ट आणि स्कोअर सांभाळणारा नोकर) मुलगा अनूच्याच वयाचा. गॅलरीत बसून सगळ्यांचा स्कोअर मोजतो. गेल्या मे महिन्यात एका दुपारी दोघांना खेळायला सोडलं. त्याने आधी चेंडू तळहातात घेऊन चोळला, भिंतीवर दहा-बारा दणके दिले, पुन्हा हातात घेऊन गरम झालाय का पाहिलं. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू थंड असला की उसळतच नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं बघून कळलेलं. पोरगा अनवाणी खेळला आणि अनूला ११-३ हरवलं. दुसरा गेम सुरू होतोय तोवर ऑफिसातून निरोप आला, "स्टाफच्या मुलांनी कोर्ट वापरू नये."

आता हाशिम खान आठवा. पेशावरला साहेबांच्या क्लबात उघड्या कोर्टांबाहेर गेलेले चेंडू आणून देणारा पोरगा. १९४४ ला मुंबईत येऊन अखिल भारतीय स्पर्धा जिंकला, १९५१ ला पस्तिशी उलटल्यावर ब्रिटिश ओपन (तेव्हाची सगळ्यात मानाची स्पर्धा), आणि पुढे एकूण सात वेळा. पुढचा जगज्जेता जहांगीर खानही त्याच गोतावळ्यातला. ते सगळं घराणंच क्लबात नोकरी करणाऱ्यांचं! त्या पोरांना तेव्हा ऑफिसातून असा निरोप आला असता तर?

काचेचं कोर्ट चार दिवसांनी ट्रकमध्ये भरून जाईल. दार आहे तसंच बंद राहील.

भिंतीशी_बोलणारा

ताई, मुद्दा मान्य, पण तो माझ्या विरोधात कसा जातो? क्लबांवर दबाव येणार कुठून? लोकांनी खेळ पाहिला तरच ना. इजिप्तचं बघा. पिरॅमिडसमोरच्या त्या पहिल्या स्पर्धेत त्यांचा अहमद बरादा फायनलला पोचला, पाकिस्तानच्या जानशेर खानकडून हरला, पण देशभर हिरो झाला. त्यानंतर इजिप्तच इजिप्त. २०२५ च्या शिकागोच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांची फायनल असल विरुद्ध फराग, महिलांची शेरबिनी विरुद्ध हम्मामी. चौघंही तिथलेच. एका तमाशाने एवढं झालं.

लेट_प्लीज

भाऊ, पिरॅमिडला इतकं श्रेय नका देऊ. इजिप्तचा अम्र बे १९३० च्या दशकात सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकलाय, महमूद करीम १९४७ ते ५० सलग चार वेळा. म्हणजे काचेचं कोर्ट कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हापासून त्यांच्याकडे हा खेळ मुरलाय. आणि आजही खरी ताकद आहे ती कैरो-अलेक्झांड्रियाच्या क्लबांत. जगातले पहिल्या वीसातले खेळाडू आणि दहा वर्षांची पोरं एकाच आवारात, शेजारशेजारच्या कोर्टांवर.

उलट उदाहरण हवंय? कराची. १९९६ ची जागतिक स्पर्धा तिथे झाली, जानशेर घरच्या प्रेक्षकांसमोर आठव्यांदा जिंकला. यापेक्षा मोठी जाहिरात काय असते? आज तीस वर्षं होत आली, पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत पाकिस्तानचा एकही विजेता नाही. स्पर्धा भरवली म्हणून खेळाडू उगवत नाहीत.

बंड्या

अडाणी प्रश्न. टीव्हीवर चेंडू दिसतच नाही, मग बघायचं काय?

लेट_प्लीज

काचेच्या कोर्टात पांढरा चेंडू वापरतात, भिंती गडद दिसतात. काळा चेंडू नेहमीच्या पांढऱ्या भिंतींसाठी. पाच मिनिटांत डोळा बसतो. "लेट" (रॅली पुन्हा खेळा) आणि "स्ट्रोक" (थेट पॉइंट) यांतला फरक कळायला मात्र आयुष्य जातं. रेफरींनाही.

खडकीचा फौजी

मी एनडीएत स्क्वॉश शिकलो. मेसमागच्या कोर्टवर अजून आठवड्यातून दोनदा गुडघ्यांना शिव्या देत खेळतो. पुण्याला हा खेळ नवा नाही, लष्कराच्या भिंतीआड पहिल्यापासून आहे. फक्त पुणेकरांना दिसत नाही, त्यामुळे धागाकर्त्याशी सहमत.

हांगझोऊच्या एशियन गेम्समधली सांघिक फायनल, २०२३. समोर पाकिस्तान, बरोबरी १-१. शेवटच्या सामन्यात अभय सिंग नूर झमानविरुद्ध दोन मॅच पॉइंट मागे. तिथून जिंकला, सुवर्ण आपलं. मी फोनवर बघत उठून उभा राहिलो, सोसायटीत बाकी सगळं सामसूम. हाच प्रसंग क्रिकेटमध्ये घडला असता तर लक्ष्मी रोडला फटाके फुटले असते. त्या संघात मुंबईचा महेश माणगावकर होता, २०१४ ला इंचॉनच्या सुवर्णसंघातही होता. या धाग्यावर येण्याआधी किती जणांना हे नाव माहीत होतं, प्रामाणिकपणे सांगा.

सदाशिवी

मला नव्हतं. पण काका, बॅडमिंटनच्या सुरुवातीच्या नियमांना "पूना" म्हणतात, तरी आमच्या वाड्यात अजून सगळे कॅरमच खेळतात. आणि टेनिस? चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८ ला बालेवाडीत आणली, मोठा गाजावाजा. २०२३ नंतर गेली. आमच्या गल्लीत त्याची एकच खूण उरलीय, पासाबरोबर मिळालेली टोपी. वडील ती घालून भाजी आणायला जातात.

अनूची आई

टोपी! :)

बाहेरच्या स्पर्धांचाही भरवसा नसतो. २०१४ ला ग्लासगोच्या राष्ट्रकुलमध्ये जोश्ना आणि दीपिका पल्लीकलने दुहेरीत सुवर्ण घेतलं, स्क्वॉशमधलं आपलं पहिलंच. त्याच ग्लासगोत २०२६ साठी खेळांची यादी छाटली, त्यात स्क्वॉश उडालं. ऑलिंपिकमध्ये येतोय तर फक्त एकेरी, सोळा पुरुष, सोळा महिला. आपण पदकं काढायचो ती दुहेरी नाहीच. असल्या याद्यांवर मी मुलीची दुपार ठरवू का?

फौजीकाका, तुमचं म्हणणं पटतं. पण "दिसत नाही" हा माझा त्रास नाहीच. मार्करच्या पोराला सगळं दिसतं, रोज, गॅलरीतून.

भिंतीशी_बोलणारा

हे वाक्य लागलं. बरं, मागणी बदलतो. स्पर्धा व्हावीच, पण ज्या क्लबांना यजमानपद मिरवायचंय त्यांनी आधी वर्षभर संध्याकाळचा एक तास महापालिका शाळांतल्या आणि स्टाफच्या मुलांना द्यावा. तरच बॅनरवर नाव.

लेट_प्लीज

लेखी घ्या. आणि रिकामं कोर्ट पंधरा मिनिटांत सभासद न आल्यास पुढच्याला, हेही घाला. पण मग स्पर्धा हवीच कशाला? तासच मागा ना सरळ.

भिंतीशी_बोलणारा

नुसता तास मागितला तर देईल का कुणी? बॅनरसाठी देतील. मी वीस वर्षं क्लबांत काढलीत.

लेट_प्लीज

असहमत, पण मुद्द्यात दम आहे.

खडकीचा फौजी

अनूच्या आई, त्या मुलाच्या पायाचा नंबर कळवा. खाली खुणा न पडणारे बूट लागतात, अनवाणी खेळू देऊ नका, घोटा जाईल. रविवारी सकाळी सात वाजता दोघांना घेऊन या, गेटवर मी नावं देऊन ठेवतो. आधार कार्ड बरोबर असू द्या.

अनूची आई

पाच नंबर. नक्की येतो, त्याच्या बाबांनाही आणते.

सदाशिवी

तिथे पार्किंग आहे का?

खडकीचा फौजी

आहे. भरपूर.