मदत हवी आहे : फायबरच्या झाकणांवर बार्कोल (सुईच्या यंत्राने मोजलेला कठीणपणा) कमी येतो, माल अडवावा का?

तपासनीस : नमस्कार. मी रत्नागिरीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. मच्छीमार होड्यांवरील बर्फपेट्यांची फायबरची झाकणे आम्ही बनवतो. पाऊस लागल्यापासून बार्कोल २० ते २५ दाखवतो आणि तपासणीपत्रकात किमान ३५ लिहिले आहे. यंत्र बिघडले आहे, असे उत्पादन विभागाचे म्हणणे आहे. उद्या सकाळी गाडी भरायची असून सही माझी लागणार आहे. कृपया लवकर सांगावे.

रेझिनवाला : हार्डनर (रेझिन म्हणजे फायबरचा द्रव राळ घट्ट करणारे रसायन) वाढवा. मी पावसाळ्यात एक टक्क्यावरून थेट अडीचवर जातो आणि आजवर एकही झाकण परत आलेले नाही.

जुना मोल्डर : हा सल्ला कृपया मानू नये. जादा हार्डनर थरात तसाच राहून रेझिनला मऊ ठेवतो आणि जाड भागात उष्णता वाढून तडे जातात, हे मी स्वतःच्या हातांनी केलेल्या चुकांतून शिकलो आहे. तपासनीस, तुम्ही मात्र ताप आहे एवढेच सांगून औषध मागत आहात. सुई कोणत्या बाजूला टेकवली? साच्यातून काढल्यावर किती तासांनी? रेझिन मेणाचे आहे की बिनमेणाचे?

दर्यावर्दी : माझ्या होडीच्या तळाला फोड आले आहेत, ते यामुळेच असतील का?

जुना मोल्डर : त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

तपासनीस : क्षमस्व, हे सर्वांना ठाऊक असेल असे वाटले. वाचन आतल्या, मॅटच्या (काचेच्या धाग्यांच्या थराच्या) बाजूला दुसऱ्या दिवशी सकाळी घेतले. रेझिन बिनमेणाचे आहे, हार्डनर एक टक्का. ॲल्युमिनियमच्या चकतीवर यंत्र बरोबर आकडा देते.

जुना मोल्डर : म्हणजे यंत्राचा दोष नाही. बिनमेणाच्या पॉलिएस्टर रेझिनचा उघडा पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट राहतो आणि मॅटच्या खडबडीत धाग्यांवर सुई कशीही बसते. त्यामुळे त्या बाजूचा आकडा जसाच्या तसा घेऊन निर्णय देणे योग्य नाही. सँडपेपरने हलके घासून सपाट जागा करा, दहा वाचने घ्या, वरची दोन आणि खालची दोन सोडून उरलेल्या सहांची सरासरी काढा. घासलेल्या जागेवर ॲसिटोनचे दोन थेंब टाकून ते उडून जाईपर्यंत बोटाने चोळा. बोट चिकटले तर रेझिन खरोखरच कच्चे आहे.

रेझिनवाला : एवढे सोपस्कार करत बसलात तर गाडी दुपारीही निघणार नाही.

तपासनीस : केले. बारा झाकणांपैकी दहांची सरासरी ३६ ते ३९ आली. उरलेल्या दोन झाकणांवर २४ आला आणि बोटही चिकटले. शोध घेतल्यावर कळले की त्या दोघांची मॅट भिंतीला टेकवून ठेवलेल्या, प्लास्टिक फाटलेल्या गुंडाळीतून कापली होती, आणि त्या भिंतीला तर हात लावला तरी ओल लागते. त्यांना उष्णता देऊन पाहू का?

जुना मोल्डर : अवश्य. रेझिनच्या माहितीपत्रकात दिलेले तापमान आणि वेळ पाळा, बहुतेकदा ते ८० अंशांच्या आसपास असते. मात्र मॅटमधली ओल उष्णतेने थरातून निघत नाही, म्हणून नंतर नाण्याने ठोकून पोकळ आवाज येतो का तेही पाहा. दहा झाकणांवर सही करा, ही दोन बाजूला ठेवा आणि पत्रकावरचा २४ हा आकडा खोडू नका.

तपासनीस : दहांवर सही केली. दोन झाकणे लाल चिठ्ठी लावून माझ्या टेबलामागे ठेवली आहेत, कारण गोदामात ठेवली तर सकाळपर्यंत ती गाडीत चढतील.