‘कोपनहेगन’ नाटक : हायझेनबर्गच्या हेतूबद्दल दिग्दर्शकाने बाजू घ्यावी का?

तिसरी घंटा

मायकेल फ्रेन यांच्या ‘कोपनहेगन’ या नाटकाचे अभिवाचन करण्याचे आमच्या हौशी गटाने ठरवले आहे. १९९८ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रथम सादर झालेल्या या नाटकात तीनच पात्रे आहेत : डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर, त्यांच्या पत्नी मार्गरेट आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ व्हर्नर हायझेनबर्ग. तिघेही मरण पावलेले आहेत आणि सप्टेंबर १९४१ मध्ये, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, हायझेनबर्ग आपल्या जुन्या गुरूंना कशासाठी भेटायला आला होता, याचा शोध ते पुन्हा पुन्हा घेतात. तो अणुबॉम्ब टाळू पाहत होता, दोस्त राष्ट्रांकडील माहिती काढायला आला होता, की केवळ मिरवायला आला होता, हे संहिता शेवटपर्यंत ठरवत नाही.

आमच्यातील एका ज्येष्ठ नटाचा आक्षेप असा की, हिटलरसाठी युरेनियमवर काम करणाऱ्या माणसाला अशी संशयाची सवलत देणे म्हणजे त्याला सभ्यपणे निर्दोष सोडणे होय. २००२ साली बोर यांनी हायझेनबर्गला लिहिलेली पण न पाठवलेली पत्रे खुली झाल्यानंतर तर हा प्रश्न मोकळा ठेवणे अप्रामाणिकपणाचे आहे, असे ते म्हणतात. वाचनातून आम्ही एक बाजू सूचित करावी का?

समस्थानिक

हेतूचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि दुसऱ्या अंकातील गणिताकडे पाहा, कारण माझ्या मते नाटकाचा कणा तिथे आहे. बॉम्बसाठी युरेनियम-२३५ हा समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार, लागतो आणि नैसर्गिक युरेनियममध्ये तो जेमतेम ०.७ टक्के असतो. त्यामुळे एका अणूच्या फुटण्याने पुढचे अणू फुटत जाणारी साखळी अभिक्रिया स्फोटापर्यंत जाण्यासाठी तो किती लागेल, या एका आकड्यावर सगळे अवलंबून होते. ओटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या दोन निर्वासितांनी मार्च १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे हा हिशेब केला आणि उत्तर अर्ध्या किलोच्या आसपास काढले. ते फारच कमी होते, हिरोशिमावरील बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते; पण ‘हे शक्य आहे’ एवढे ब्रिटिश सरकारला पटवण्यास ते पुरले.

हायझेनबर्गच्या डोक्यात मात्र टनाची भाषा होती. युद्धानंतर इंग्लंडमधील फार्म हॉल या घरात हायझेनबर्गसह दहा जर्मन शास्त्रज्ञांना ठेवून त्यांची संभाषणे चोरून ध्वनिमुद्रित करण्यात आली. ६ ऑगस्ट १९४५ च्या रात्री, हिरोशिमाची बातमी आल्यावर, तो त्यांच्यातल्याच ओटो हानला साधारण एक टन युरेनियम लागेल, असाच अंदाज सांगतो. आणि आठवडाभरातच सहकाऱ्यांपुढे बॉम्बचे बरेचसे बरोबर गणित मांडतो. म्हणजे बुद्धी होती, हिशेब केलेला नव्हता. का केला नाही, हे बोर नाटकात विचारतात तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी. माझे उत्तर सरळ आहे : उत्तर प्रचंडच येणार, असे त्याने धरून ठेवले होते. त्यात नैतिक नकार शोधू नये, आणि आपल्या वाचनानेही तो सुचवू नये.

विंगेतून

मार्गरेटकडे दुर्लक्ष होत आहे. बोर यांच्या निबंधांचे खर्डे टंकलिखित करणारी ही बाई शास्त्रज्ञ नाही, म्हणून तिला समजेल अशा भाषेत बोलणे दोघांना भाग पडते. प्रेक्षकांना विज्ञान कळते ते त्यामुळेच. शिवाय हायझेनबर्ग मिरवायला आला होता, हा नाटकातील सर्वांत कठोर आरोप तीच करते. तुमच्या ज्येष्ठ नटाची भूमिका संहितेत आधीच तिच्याकडे आहे. ती दबक्या, समंजस आवाजात न वाचता पूर्ण धारेने वाचली, तर दिग्दर्शकाला वेगळी बाजू घ्यावी लागणार नाही. सोशिक पत्नी म्हणून तिला वाचणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, तेवढी टाळा.

न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेच्या प्रयोगात काही प्रेक्षकांना रंगमंचावरच, पात्रांच्या मागे उंच आसनांवर, न्यायाधीशांसारखे बसवले होते. अभिवाचनात हे विनाखर्च करता येईल.

जुना खर्डा

बोर यांच्या पत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो. हायझेनबर्गच्या नेतृत्वाखाली जर्मनीत अण्वस्त्रांसाठी सर्व प्रयत्न चालू आहेत, अशी आपली स्पष्ट समजूत झाली होती, असे बोर त्यांत लिहितात. ही साक्ष वजनदार आहे. परंतु हे खर्डे १९५७ नंतरचे आहेत, म्हणजे भेटीला सोळा वर्षे उलटल्यावरचे, आणि ते बोर यांनी पुन्हा पुन्हा लिहून शेवटी पाठवलेच नाहीत. दुसऱ्या बाजूला, त्याच आठवड्यात हायझेनबर्गने पत्नीला लिहिलेले पत्रही पुढे प्रसिद्ध झाले; त्यात बोर यांच्या घरी आपण मोझार्टची सोनाटा वाजवल्याचा उल्लेख आहे. रागारागाने एकदाच भेटून निघून गेलेल्या पाहुण्याचे हे चित्र नव्हे.

म्हणून ‘समस्थानिक’ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. हिशेब झाला नव्हता, हे फार्म हॉलच्या नोंदींवरून दिसते. तो का झाला नाही, हे त्या नोंदी सांगत नाहीत. तिथले बोलणे बॉम्ब पडल्यानंतरचे आहे, आणि तोवर प्रत्येकाला स्वतःविषयी काहीतरी सांगण्याची गरज निर्माण झाली होती. पत्रांचा मजकूर संहितेत घुसवू नका. वाचनानंतर चर्चा ठेवणार असाल, तर तिथे बोर यांचा एक खर्डा आणि हायझेनबर्गचे ते पत्र, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आणि आक्षेप घेणाऱ्या ज्येष्ठांनाच हायझेनबर्गची भूमिका द्या.