चीनमधली अनवट गावे आणि निसर्गस्थळे : आपले अनुभव

बीजिंगचा राजवाडा, शांघायचे मनोरे आणि चीनची भिंत यांविषयी मराठीत भरपूर लिहून झाले आहे. या धाग्यात सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात सहसा न येणारी जुनी गावे, डोंगर आणि शेतशिवारे यांविषयी लिहावे, ही विनंती. ठिकाण एकच असले तरी चालेल. मात्र ते निवांत पाहिलेले असावे, आणि राहण्याजेवण्याची सोय कशी झाली तेही सांगावे.

सोलापूरहून

आम्हा सोलापूरकरांना चीनला जायला डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे एवढे एक कारण पुरते. १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत गेलेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच निवर्तलेले डॉक्टर आज हबै प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरातील हुतात्मा स्मशानभूमीत चिरविश्रांती घेत आहेत; कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधीही त्याच आवारात आहे. शहर स्वतः औद्योगिक आणि रुक्ष आहे, त्यामुळे बहुतेक लोक दर्शन घेऊन परततात. माझे सांगणे असे की परतू नये, कारण उत्तरेला थोड्याच अंतरावर झेंगडिंग हे जुने गाव आहे.

तिथल्या लोंगशिंग मंदिराची स्थापना इ. स. ५८६ मधली. मागच्या उंच दालनात सोंग राजवटीत, ९७१ च्या सुमारास ओतलेली अवलोकितेश्वराची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, एकवीस मीटरांहून उंच ब्राँझमूर्ती आहे. खालून केवळ वस्त्राच्या चुण्या आणि हात दिसतात. लाकडी जिन्याने वर जावे तसतशी मूर्ती टप्प्याटप्प्याने उलगडत जाते आणि शेवटी चेहऱ्याची गाठ पडते. मला मात्र त्याहून १०५२ सालचे मोनी दालन अधिक आवडले. चौकोनी इमारतीला चारही बाजूंनी पुढे आलेली देवड्यांसारखी दालने आहेत, आणि छपराचा भार पेलणारे लाकडी हस्त एकमेकांत असे गुंतलेले आहेत की मान दुखेपर्यंत वर पाहत राहावे. मागच्या भिंतीवर, उत्तरेकडे तोंड करून, एक पाय खाली सोडून निवांत बसलेली अवलोकितेश्वराची मातीची रंगीत मूर्ती आहे. देवत्वाचा इतका मोकळा आविर्भाव मी अन्यत्र पाहिलेला नाही. गावाच्या वेशीचा बराचसा भाग अलीकडे नव्याने बांधलेला आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

सिंगापूरहून

ताईंनी उत्तरेचे लिहिले, मी आग्नेय किनाऱ्यावरच्या छुआनझोउ बंदराविषयी लिहितो. सोंग आणि युआन राजवटींच्या काळात (दहावे ते चौदावे शतक) हे जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होते, आणि २०२१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. तमिळ व्यापाऱ्यांनी तेराव्या शतकात तिथे शिवमंदिर उभारले होते. १२८१ सालचा तमिळ शिलालेख त्याची साक्ष देतो. मंदिर पुढे नष्ट झाले, पण त्याचे दगड गावात विखुरले. काययुआन या बौद्ध मंदिराच्या मुख्य दालनाच्या मागच्या बाजूस जावे, पुढून पाहून निघून जाऊ नये. तिथल्या दोन खांबांवर हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह आणि बालकृष्णाच्या लीला तळहाताएवढ्या चौकटींत कोरलेल्या आहेत. शेजारी उदबत्त्या लावणाऱ्या आजीबाईंना मी बोटाने खांब दाखवला, तर त्या हसून मलाच उदबत्ती देऊन गेल्या. सागरी संग्रहालयात आणखी शिल्पे आहेत. अरबी कबरींचे दगडही तिथेच आहेत. माझ्या मते भारतीय प्रवाशाने हे गाव शियानच्या मातीच्या सैन्याइतकेच महत्त्वाचे मानावे.

साक्रीहून (जि. धुळे)

मी शेतकरी आहे, त्यामुळे मंदिरांपेक्षा पाटांकडे माझे लक्ष अधिक जाते. युन्नान प्रांताच्या दक्षिणेला युआनयांग परिसरात ‘हानी’ नावाच्या डोंगरी समाजाने तेराशे वर्षांपासून डोंगर कोरून भाताची खाचरे केली आहेत. २०१३ पासून ती जागतिक वारसायादीत आहेत. छायाचित्रकार येतात ते सूर्योदयाला आरशासारखे चमकणारे पाणी टिपायला, आणि त्यासाठी हिवाळाच गाठावा लागतो, कारण कापणीनंतर लावणीपर्यंत खाचरांत पाणी भरलेले असते. धुके आले की सगळा देखावा दिवसभर नाहीसा होतो, याची तयारी ठेवावी.

मला थक्क केले ते पाणीवाटपाने. माथ्यावर राखलेले जंगल, त्याखाली गाव, गावाखाली खाचरे, असा उतरता क्रम आहे. जंगलात मुरलेले पाणी चार मुख्य आणि ३९२ उपकालव्यांतून खाली येते. पाट जिथे फुटतो तिथे आडवा लाकडी ओंडका किंवा दगड बसवलेला असतो आणि त्याला कमीजास्त रुंदीच्या खाचा पाडलेल्या असतात; ज्याचा जितका वाटा, तितकी त्याची खाच. पाटाची राखण करणाऱ्या माणसाला मोबदला म्हणून धान्य देण्याची रीत आहे. आमच्याकडे पांझरा नदीवरच्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीत पाटकऱ्याला असेच धान्य मिळत असे, त्यामुळे दुभाष्याला फारसे कष्ट पडले नाहीत. घरमालकाने लाल तांदळाचा भात आणि खाचरातलाच मासा वाढला.

ठाण्याहून

युन्नानला जाणाऱ्यांनी दाली आणि लिजियांगच्या मधले शाशी गावही पाहावे. चहा आणि घोड्यांच्या जुन्या व्यापारी वाटेवरचा हा बाजारतळ आहे : एका बाजूला मंदिर, समोर नाटकाचा रंगमंच, मध्ये दगडी चौक. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या साहाय्याने झालेली त्याची डागडुजी संयमित आहे. लिजियांगमध्ये दुकानेच दुकाने दिसतात, तसे इथे वाटत नाही. शुक्रवारी आठवडी बाजार भरतो, तो साधून जावे.

पुण्याहून

शाकाहारी मंडळींसाठी लिहिते. केवळ ‘मांस नको’ म्हटल्याने भागत नाही, कारण भाजी अनेकदा डुकराच्या चरबीत परतलेली असते. चरबी, मांसाचे पाणी आणि अंडे नको, हे चिनी लिपीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. मोठ्या बौद्ध मंदिरांजवळ बहुधा शुद्ध शाकाहारी भोजनालय असते. लहान गावांतही बहुतेक व्यवहार मोबाइलवर होतात, म्हणून अलीपे या पैसे देण्याच्या मोबाइल अ‍ॅपला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड निघण्यापूर्वीच जोडून पाहावे. एका गावात एका लॉजने परदेशी पाहुणा म्हणून आम्हाला रात्री दारातूनच परत पाठवले; तेव्हापासून आम्ही खोली ठरवतानाच परदेशी पासपोर्ट चालतो का, हे लेखी विचारून घेतो. १ ते ७ ऑक्टोबर हा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा मात्र कटाक्षाने टाळावा; त्या काळात रेल्वेची तिकिटे मिळणे दुरापास्त होते.