पाखाडी उतरताना आईचा तोल जातो: पायऱ्या बदलायच्या की व्यायाम?

खळ्याच्या_कडेला:
गाव गुहागर तालुक्यात. घर वर, रस्ता खाली, मध्ये जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. आईचं वय ७४. चढताना नुसता दम लागतो, उतरताना मात्र तोल जातो, तोही खालच्या पायऱ्यांवरच. गुडघे ठीक आहेत, चष्मा प्रोग्रेसिव्ह (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत). आधी कशाला हात घालू?

तोल_सांभाळा:
उतरताना अख्खं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूला हळूहळू खाली सोडावं लागतं. वयाने तो कमजोर होतो, मग पाय टेकण्याऐवजी आदळतो. तळपायाची जाणीवही मंदावते, त्यामुळे पायरीची कड नीट कळत नाही.

तुमच्या बाबतीत मला पहिला संशय चष्म्याचा. प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाखालची पायरी धूसर दिसते. बाहेर फिरायला फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्या.

व्यायाम: हात न लावता खुर्चीतून दहा वेळा उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि कठडा धरून सर्वात खालच्या पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवून परत वर घेणं. आठवड्यातून तीन दिवस. फरक पडायला दोन-तीन महिने जातात. पाखाडी बंद मात्र करू नका, बसून राहिलं की पाय आणखी जातात.

चिरेबंदी:
व्यायाम करा, पण पायऱ्या आधी मोजा. चालताना पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर सुटतं आणि पाय मागच्या पायरीच्या मापानेच पुढची शोधतो. अर्धा इंच फरकही पाडायला पुरतो. खालच्याच पायऱ्या का? रस्त्यावर नवा थर पडला की शेवटची पायरी बुटकी होते, कडेला गटार खणलं की उंच. शहरातल्या फुटपाथच्या कडेचंही तेच.

कठडा सव्वा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाईपचा, पायरीच्या कडेपासून ३४ ते ३६ इंच उंच, दोन्ही टोकांना फूटभर पुढे काढलेला. खाऱ्या हवेत प्राइमरशिवाय टिकणार नाही. पायरीच्या अगदी कडेवर दोन इंची पिवळा पट्टा. ऑइल पेंटमध्ये चाळलेली बारीक रेती मिसळा, नाहीतर पावसात पट्टाच घसरवेल. पट्टा कडेपासून मागे सरकला तर तो नसलेला बरा.

जांभा पाणी धरतो, म्हणून शेवाळ. मिरगाआधी तारेच्या ब्रशने खरवडा, ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून पंधरा-वीस मिनिटांनी धुवा. त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पावसाळ्यात मधूनमधून पुन्हा करावं लागतंच.

सावकाश_उतरा:
एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी, मग कठडा धरणार कोण? रेनकोट द्या. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी.

बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या आहेत का? पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

खळ्याच्या_कडेला:
मोजल्या. वरच्या सगळ्या साधारण साडेपाच इंच. खालच्या तीन: सहा, सात, नऊ.

चिरेबंदी:
म्हणजे २२ इंच. तीनच्या चार करा, प्रत्येकी साडेपाच. पाऊल ठेवायला प्रत्येक पायरी निदान ११ इंच रुंद, तेव्हा रस्त्याच्या बाजूला फूटभर जागा सुटते का ते गवंड्याला आधी दाखवा.