पोट मुडद्यावर शिकायचं की पडद्यावर?

धंतोलीचा_सर्जन
काल इथे एका पीजीनं, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरनं लिहिलं: "पोटाच्या भिंतीचं डिसेक्शन (मुडदा चिरून शिकणं) म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये वाया गेलेला आठवडा. लॅपमध्ये (दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये) सगळं आतून दिसतं. दोन व्हिडिओ बघा, झालं." खाली लाइक्सचा पाऊस. वाचून घास उतरला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आतून दिसतं, कबूल. पण ट्रोकार, म्हणजे दुर्बीण आत न्यायची टोकदार नळी, तर बाहेरूनच घालता ना? रेसिडेन्सीत माझ्यासमोर एका सिनियरनं अपेंडिक्सच्या केसमध्ये डावा पोर्ट (नळीचं भोक) दोन बोटं मध्याकडे घेतला. इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक धमनी फाटली. ती रेक्टसच्या, म्हणजे पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूच्या मागून जाते. आतून उजेड टाकला तर कातडीजवळच्या शिरा दिसतात, ही दिसत नाही. मग कॅमेऱ्यावर रक्त टपकायला लागलं आणि सगळ्यांना सगळं "आतून दिसलं".

आर्क्युएट लाइन घ्या, रेक्टसच्या मागच्या आवरणाची खालची कड. बेंबी आणि सिम्फिसिस (ओटीपोटाखालचा हाडांचा सांधा) यांच्या साधारण मध्यावर. तिच्या खाली बाजूच्या तिन्ही स्नायूंची ॲपोन्यूरोसिस (चपटी, पांढरी टोकं) रेक्टसच्या पुढून जातात, मागे उरतो ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशियाचा पापुद्रा आणि पेरिटोनियम, म्हणजे पोटाचा आतला पडदा. ती कड मी बोटानं चाचपली आहे. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पोरं ती बेंबीच्या वर काढतात! मिड-इंग्वायनल पॉइंट आणि इंग्वायनल (जांघेतल्या) लिगामेंटचा मध्य यांतला फरक विचारला की छताकडे बघतात. दोन्ही कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून; पहिला सिम्फिसिसपर्यंत मोजायचा, तिथे फेमोरल आर्टरी. दुसरा त्याच्या अलीकडच्या प्युबिक ट्यूबरकल या उंचवट्यापर्यंत, त्याच्या जरा वर डीप रिंग, जांघेतल्या नळीचं आतलं तोंड. व्हिडिओत हे कोण मोजून दाखवतो?

रात्रपाळी_रेसिडेंट
ती पोस्ट माझीच, सर. एकच विचारतो. तुमच्या त्या सिनियरनं डिसेक्शन केलं होतं की नव्हतं? केलंच असणार, तुमच्या काळातले होते. मग?

आमच्या टेबलावर एक बॉडी आणि पंचवीस पोरं. मी मागे स्टुलावर. ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशिया म्हणून दाखवली ती राखाडी चिंधी होती, पेरिटोनियम ओल्या पापडासारखं. पहिल्यांदा टॅप (हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन) बघितली तेव्हा पाच घड्या दिसल्या. मधोमध युरेकसची (गर्भातल्या बुजलेल्या नळीची), तिच्या दोन्ही अंगांना बुजलेल्या नाभीधमन्यांच्या, त्याही बाहेर एपिगॅस्ट्रिकच्या. त्या शेवटच्या घडीच्या बाहेर भोक असेल तर इनडायरेक्ट हर्निया, आतल्या अंगाला असेल तर डायरेक्ट. पहिल्या वर्षी हे पाठ होतं. कळलं तिसऱ्या वर्षी, पीजीच्या.

भूलवाली_ताई
टॅप म्हटलं की आम्हाला टॅप ब्लॉक आठवतो, पोटाची भिंत बधिर करायचं इंजेक्शन. इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस या स्नायूंच्या मधली फट मी सोनोग्राफीवरच शिकले, मुडद्यावर नाही. आणि विषय निघालाच आहे तर, समस्त सर्जन मंडळींनो, प्लेन (थर) चुकला की "पेशंट टाइट आहे, रिलॅक्सेशन द्या" ही आरडाओरड बंद करा. पेशंट टाइट नसतो. तुम्ही चुकीच्या थरात असता.

धंतोलीचा_सर्जन
हे इथे कशाला?

भूलवाली_ताई
वीस वर्षं साठलंय म्हणून.

काटोलचा_संत्रेवाला
मी काही डॉक्टर नाही भाऊ, पण एक विचारू का? बाबाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणे पडदा फाटला. मागं आईच्या कानाचा पडदा फाटला. काकाच्या डोळ्याचा पडदा सरकला. माणसात असे पडदे आहेत तरी किती? फॉर्म सारा इंग्रजीत, सही मात्र माझी. अन् हर्नियाला लावलेल्या त्या जाळीचं बिल पाहून वाटलं, घरची मच्छरदाणी काऊन नाही चालत?

धंतोलीचा_सर्जन
चालली आहे. दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचंच कापड निर्जंतुक करून हर्नियाला लावलं.

मराठीच_बोला
हाच खरा मुद्दा! पेरिटोनियमला उदरावरण आणि हर्नियाला अंतर्गळ असे शब्द आहेत. वापरतो कोण? शेजारच्या मध्य प्रदेशात २०२२ ला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली. आपण पडदाच म्हणत बसलो.

रात्रपाळी_रेसिडेंट
आमच्या ओपीडीत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटची हिंदी बोलणारी माणसं रांगेत असतात. त्यांना अंतर्गळ सांगू? काटोलच्या दादांना तरी कळला का?

काटोलचा_संत्रेवाला
नाही.

मराठीच_बोला
कळत नाही कारण तुम्ही बोलत नाही. इंग्रजीचा माज आहे, दुसरं काही नाही.

रात्रपाळी_रेसिडेंट
छत्तीस तास ड्युटी करून आलोय. माज करायला पण झोप लागते.

धंतोलीचा_सर्जन
विषय पोटाचा आहे, भाषेचा नाही!

मराठीच_बोला
पोट मराठी माणसाचंच आहे ना?

ॲनाटॉमीच्या_मॅडम_निवृत्त
झालं भांडून? मी वर्गात पेरिटोनियमला अस्तर म्हणायचे. ब्लाउज शिवलेल्या प्रत्येकीला कळायचं. भिंतीच्या बाजूच्या अस्तराला भिंतीच्याच नसा, म्हणून तिथली कळ पेशंट एका बोटानं दाखवतो. आतड्यावरच्या अस्तराची कळ मोघम. अपेंडिक्स आधी बेंबीभोवती दुखतं, कारण दोघांच्या नसा मज्जारज्जूत दहाव्या थोरॅसिकच्या (छातीच्या भागातल्या) पातळीला मिळतात. मग सूज भिंतीच्या अस्तराला लागली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं. याला ना मुडदा लागतो ना व्हिडिओ.

आणि पंचवीस पोरांना एक बॉडी म्हणून रडणाऱ्या चिरंजीवा, १९४९ चा ॲनाटॉमी ॲक्ट बेवारस देह देतो, हवे तितके देत नाही. तुझ्या घरात देहदानाचा फॉर्म कोणी भरलाय?

रात्रपाळी_रेसिडेंट
नाही, मॅडम. आजीनं विषय काढला होता, आम्हीच गप्प केलं.

धंतोलीचा_सर्जन
बरं, घड्या आतून झकास दिसतात. दिलं तुला तेवढं. शनिवारी ओटीत ये. एपिगॅस्ट्रिक आधी मार्करनं कातडीवर काढायची, मगच पोर्टला हात.

रात्रपाळी_रेसिडेंट
येतो. चुकली तर पेशंट टाइट होता म्हणू.

भूलवाली_ताई
शनिवारी ड्युटी माझी आहे. म्हणून तर बघ.

काटोलचा_संत्रेवाला
बाबाची जाळी कोणत्या पडद्यात आहे, ते राहिलंच.

धंतोलीचा_सर्जन
जांघेत एक लांब व्रण आहे की पोटावर तीन बारके?

काटोलचा_संत्रेवाला
एक लांब.

धंतोलीचा_सर्जन
मग बहुतेक एक्स्टर्नल ऑब्लिक या बाहेरच्या स्नायूच्या ॲपोन्यूरोसिसखाली, पडद्याच्या बरीच पुढे. आणि हर्नियात पडदा फाटत नाही. भिंतीतल्या भोकातून पिशवीसारखा बाहेर येतो.

काटोलचा_संत्रेवाला
मंग फाटला काऊन म्हणाले?

मराठीच_बोला
घ्या. द्या आता उत्तर.