मुंडकारांवर प्रकल्प करायचाय, संदर्भ कुठे शोधू?

पेडण्याची पोर

नमस्कार. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. प्रकल्पाला मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांचा, विषय घेतलाय, कारण तो घरचाच आहे. आमचं घर भाटकाराच्या जमिनीत. आजोबांनी मामलेदाराकडे अर्ज घातला तेव्हा बाबा शाळेत होते. तारखा अजून पडताहेत. मॅडमना विषय आवडला, पण म्हणाल्या, "घरची गोष्ट ठीक आहे, संदर्भ कुठे आहेत? निदान पंधरा पाहिजेत."

गूगलवर शोधलं तर वकिलांच्या जाहिराती आणि प्लॉट विकणारे. एका चॅटबॉटला विचारलं, त्याने लेखकांच्या नावांसकट झकास यादी दिली. त्यातले चार लेख शोधले, चारही अस्तित्वातच नाहीत! जे खरे सापडतात ते पैसे मागतात. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात समाजशास्त्राचं एक कपाट आहे, त्यात निम्मी गाइडं. इंग्रजी वाचते, पण वेळ लागतो. मराठीत काही असेल तर बरं. पेडण्याहून रोज पणजीला येणं जमणार नाही, दोन शनिवार काढू शकते.

सुशेगाद_77

विषय बदल. पर्यटन घे. ढीगभर साहित्य आहे, आठवड्यात काम तमाम.

जुना कार्ड-कॅटलॉग

बाय, विषय अजिबात बदलू नको. मी एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पर्यटनावरचे इतके प्रकल्प ठेवून घेतलेत की फळी मधोमध वाकली होती. मुंडकारांवरचे दोन आले असतील. त्यातला एक चांगला होता.

आधी एक सांग, शोधताना तू शब्द कोणता टाकलास? 'मुंडकार' एवढाच ना? गोव्यात एकच माणूस तीन कपाटांत बसलेला असतो. मराठी वर्तमानपत्रात तो मुंडकार. इंग्रजी शोधनिबंधात तो बहुतेक वेळा कुळांच्या, जमीनसुधारणेच्या किंवा जातीच्या लेखात एका परिच्छेदापुरता येतो, शीर्षकात नसतो. आणि पोर्तुगीज कागदात तो कधी 'मुंडकार' तर कधी 'मांडुकार' असतो. 'कोमुनिदाद'चं, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकारीचं, तसंच. जुन्या पोर्तुगीज पुस्तकांत त्या शब्दात दोन एम असतात. 1911 साली पोर्तुगालने शुद्धलेखन बदललं, त्यानंतर एक एम गळाला. एक एम टाकून शोधलंस तर एकोणिसावं शतक सगळं हातचं जातं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर भाटकार, मुंडकार, कूळ, गावकारी, खंड (कुळाने मालकाला द्यायचा), बेदखल असे शब्द लिही आणि प्रत्येकापुढे त्याची तिन्ही भाषांतली रूपं. अडलीस तर दालगादोंचा लुझो-आशियाई शब्दकोश बघ. दोन भागांत आहे, 1919 आणि 1921 चा. माणूस आसगावचा, म्हणजे आपल्या मुलखातला. आपले शब्द पोर्तुगीजांनी कसे लिहिले ते त्यात कळतं. पोर्तुगीज येत नसलं तरी शब्द ओळखता येतात.

आता एक खड्डा दाखवून ठेवतो, कारण त्यात मी पोरांना पडताना पाहिलंय. गोव्याच्या गावव्यवस्थेवर शोधायला लागलीस की पहिल्यांदा जुन्या काबिजादीच, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेले तालुके, पुढ्यात येतील. फिलिप नेरी शाव्हियेरचं कोमुनिदादींवरचं 1852 चं पुस्तक सगळे उद्धृत करतात, पण ते तिसवाडी, सासष्टी आणि बार्देशापुरतं आहे. दा. ध. कोसंबींचा गावसमूहावरचा निबंधही जुन्या काबिजादींचाच. तो त्यांच्या 'मिथ अँड रिॲलिटी'त आहे, 1962 चं पुस्तक. वाचच. हा गणिती कोसबेनचा, 1907 चा जन्म. तो गावाकडे कसा बघतो ते शिकण्यासारखं आहे, पण तो पेडण्याला जसाच्या तसा चिकटवू नको. पेडणें पोर्तुगीजांकडे गेलं 1788 साली, त्याआधी सावंतवाडीकडे होतं. तुझ्या तालुक्याच्या जमिनीचं मूळ शोधायचं तर मांडवीकडे पाठ करून तेरेखोलच्या पलीकडे बघायला हवं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड 1880 चा आहे आणि नेटवर फुकट मिळतो. त्यातलं जमीन आणि साऱ्याचं प्रकरण वाच.

पहिला शनिवार पणजीत पाटोला घालव. कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, कदंब स्टँडवरून चालत जाता येतं. 1832 पासूनची संस्था आहे, इमारत नवी. आत शिरल्यावर "मुंडकारांवर पुस्तक द्या" म्हणू नको, एकच पुस्तक मिळेल आणि तू हिरमुसून परत जाशील. गोव्याच्या विभागात जा आणि जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली माग. मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा 1975 चा. कसणाऱ्याला जमीन देणारी कूळ कायद्यातली दुरुस्ती 1976 ची. तेव्हा मुख्यमंत्री शशिकला काकोडकर. दैनिक 'गोमन्तक' 1962 पासून निघतंय, म्हणजे तो सगळा काळ त्यात आहे. अग्रलेख चाळलेस तरी पुरे. वाचकांची पत्रं मात्र एकेक करून वाच. भाटकार काय म्हणत होता आणि मुंडकार काय म्हणत होता ते तिथे कळतं, आणि ते चॅटबॉटला ठाऊक नाही.

प्रत्येक टिपणाखाली तारीख आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिही. माझ्याकडे काणकोणचा एक मुलगा होता, हुशार. सगळं उतरवलं, तारखा नाहीत. व्हायव्हाच्या आठवड्यात दोन बस बदलून परत आला बिचारा.

ताळगाव पठार

सरांनी कागदाची बाजू सांगितली, मी नेटची सांगते. पीएच.डी. करतेय, त्यामुळे हे रोजचंच.

शोधगंगा ही पीएच.डी. प्रबंधांची साइट उघड, गोवा विद्यापीठ निवड, समाजशास्त्राबरोबर इतिहास आणि अर्थशास्त्राचे प्रबंधही बघ. प्रबंध तिथे प्रकरणाप्रकरणाने वेगळ्या फायलींत असतो. पहिली उतरवायची ती शेवटची, संदर्भसूचीची. दुसऱ्याने पाच वर्षं खपून केलेली यादी फुकट मिळते. त्यातलं तुला लागेल ते घे, पण मूळ लेख स्वतः बघितल्याशिवाय उद्धृत करू नकोस. मॅडम एक प्रश्न विचारतील आणि पकडतील.

पैसे मागणारे लेख: जेस्टोर या शोधनिबंधांच्या साइटवर नाव नोंदवलंस की 30 दिवसांत 100 लेख ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड होत नाहीत, वाचता येतात, तुला तेवढंच हवंय. 'ईपीडब्ल्यू'चे (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) सत्तरच्या दशकातले अंक आणि 'सोशियोलॉजिकल बुलेटिन' दोन्ही तिथे आहेत. 2025 च्या जानेवारीपासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, सरकारी संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं. तुझं कॉलेज अनुदानित असेल तर इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं आणि नियतकालिकांची योजना) लॉगिन मिळतं का ते तुमच्या ग्रंथपालांना विचार. खूपदा ते असतं आणि कुणी मागतच नाही म्हणून पडून राहतं.

मराठीत: 'समाज प्रबोधन पत्रिका' आणि वाईचा 'नवभारत' यांचे जुने अंक बघ. स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांत शब्द टाकून शोध नीट लागत नाही, म्हणून अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचायची तयारी ठेव. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने शेतीवरचे जुने सरकारी अहवाल नेटवर ठेवलेत, फुकट. लोकसंख्येचे आकडे लागले तर गावनिहाय शेवटचे 2011 चेच आहेत. कुणी 2021 च्या जनगणनेचा आकडा दिला तर समज, त्यानेही चॅटबॉटला विचारलंय.

सुशेगाद_77

मी आपला सोपा मार्ग सांगितला होता 🙂

पेडण्याची पोर

सर, ताई, मनापासून आभार. काल पाटोला जाऊन आले. काउंटरवर आधी कुणी लक्ष देईना, मग एका बाईंनी फायली काढून दिल्या. हात काळे झाले. सहा तासांत फक्त अडीच महिने वाचून झाले, पण अकरा पत्रं मिळाली, तारीख-पानासकट. शोधगंगेवरच्या एका सूचीतून सात लेख काढले, त्यातले पाच जेस्टोरवर उघडले.

दुसरी गोष्ट. घरी हे सगळं सांगत होते तर आजी उठली आणि पत्र्याच्या पेटीतून आजोबांची पिशवी घेऊन आली. अर्जाची प्रत, मामलेदाराच्या नोटिसा, भाटकाराला दिलेल्या नारळांच्या पावत्या. मी लगेच नेटवर फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, काढला. 'इतर हक्क' रकान्यात आजोबांच्या आधी आणखी एक नाव आहे, आमच्यापैकी कुणाला ते माहीत नाही. आजी गप्पच बसली. हे प्रकल्पात घालू का?

जुना कार्ड-कॅटलॉग

अकरा पत्रं म्हणजे चांगली कमाई. दुसऱ्या शनिवारी तिथून पुढे सुरू कर, मागे जाऊ नको.

पिशवीचं वेगळं. केस चालू आहे, तेव्हा नावं, सर्व्हे नंबर, केस नंबर यातलं काहीही प्रकल्पात नको. गावाचं नावही बदल. मॅडमना आधी सांगून ठेव आणि बाबांच्या वकिलाला एकदा विचार. नारळांच्या पावत्यांवरची वर्षं आणि नग मात्र तक्त्यात मांड, तसा तक्ता तुला छापील पुस्तकात सहज मिळायचा नाही. पावत्यांना स्टेपल मारू नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. साध्या कागदात गुंडाळून ठेव, आमच्याकडे पावसाळ्यात प्लास्टिकला घाम येतो.

आणि त्या दुसऱ्या नावाबद्दल आजीला आज विचारू नको. चार दिवस जाऊ देत, भात निवडताना विचार.