खांदेरीचे दीपगृह: किल्ल्यावर बत्ती कशासाठी?

प्रश्न (अलिबागकर)
थळहून होडीने खांदेरीला जाण्याचा बेत आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी तेथे तटबंदीचे काम सुरू केले आणि इंग्रजांच्या विरोधाला न जुमानता ते चालू ठेवले, हे सर्वत्र वाचायला मिळते. दीपगृहाची माहिती मात्र एखाद्या ओळीत उरकलेली असते. सुएझ कालव्यामुळे वाढलेल्या वाहतुकीसाठी ते बांधले, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? आणि त्यासाठी किल्लाच का निवडला असावा?

उत्तर (दर्यासारंग)
सुएझचे कारण कालक्रमात बसत नाही. खांदेरीची बत्ती १८६७ मध्ये लागली आणि कालवा खुला झाला नोव्हेंबर १८६९ मध्ये. मुंबईचा व्यापार त्याआधीच फुगला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) येथील कापसाला प्रचंड मागणी आली होती, हे विसरता येत नाही.

जागेचे उत्तर मात्र १६७९ मध्येच सापडते. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणारे जहाज खांदेरीच्या नजरेतून सुटत नाही. म्हणूनच इंग्रजांनी आरमार पाठवून ते बांधकाम थांबवण्याची खटपट केली, ती फसली, आणि १६८० च्या आरंभी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. १८१८ मध्ये खांदेरी इंग्रजांच्या हाती आल्यावर तिचे लष्करी महत्त्व ओसरले, पण जागेचा गुण तोच राहिला: ज्या बेटावरून आपली जहाजे अडवली जातील अशी धास्ती होती, त्याच बेटावरून त्यांनी जहाजांना वाट दाखवली.

उत्तर (थळकर)
टेकडीचाही विचार करावा. पृथ्वीच्या वक्रतेमुळे समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर दिसते. त्यामुळे उंचवट्यावर मनोरा उभारला की बांधकाम कमी लागते आणि प्रकाश दूरवर पोहोचतो. त्या काळच्या दीपगृहांत तेलाच्या दिव्याभोवती फ्रेनेल पद्धतीची भिंगे बसवीत. सर्व बाजूंना विखुरणारा प्रकाश ती एका दिशेला वळवतात. ज्या बत्त्यांची भिंगे फिरत, तेथे वजनावर चालणाऱ्या यंत्राला रात्रीतून पुन्हा पुन्हा किल्ली द्यावी लागे. वीज येण्यापूर्वीची ही नोकरी म्हणजे अखंड जागरण होते. दीपगृहाचा अष्टकोनी मनोरा दिवसाही ओळखीची खूण म्हणून उपयोगी पडतो.

उत्तर (किल्लेप्रेमी)
जाताना दीपगृहाबरोबर वेताळाचे देऊळही पाहावे. कोळी बांधवांची त्यावर मोठी श्रद्धा आहे. ठोकल्यावर धातूसारखा आवाज देणारा दगडही तेथेच आहे. (सगळे पर्यटक त्यालाच बडवत बसतात आणि तटावरच्या तोफांकडे पाठ फिरवतात, हे मला पटत नाही.) सरकारी कागदोपत्री १९९८ पासून या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, त्यामुळे माहिती शोधताना दोन्ही नावे वापरून पाहावीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरी आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हा बेत आखू नये. एरवीही मनोऱ्यावर त्या दिवशी प्रवेश मिळेल का, हे निघण्यापूर्वी थळच्या होडीवाल्यांकडे विचारून घ्यावे.